लहान पाटी, मोठी पत

डॉक्टर, वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट यांना काम मिळवण्यासाठी जाहिरात करण्याची मोकळीक भारतात नाही. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतला ३६ क्रमांकाचा नियम लागू होतो. सीएंच्या बाबतीत १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातली ६ आणि ७ ही कलमे आहेत. डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. तिच्या जागी ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चीच संहिता पुन्हा लागू झाली.

हे नियम पाटीपर्यंत जातात. वकिलाची पाटी वाजवी आकाराची असावी. तो पूर्वी न्यायाधीश होता, बार कौन्सिलवर होता किंवा अमुक प्रकारच्या दाव्यांत तरबेज आहे, असे त्या पाटीवर लिहिता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी ठरावीक माहिती देण्याची मुभा मिळाली. डॉक्टरची पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, विशेष शाखा आणि नोंदणी क्रमांक याहून अधिक काही नसावे, आणि औषधाच्या दुकानावर तर ती लावूच नये. वर्तमानपत्रात निवेदन देण्याचे प्रसंगही डॉक्टरला मोजून दिलेले आहेत: दवाखाना सुरू करणे, व्यवसायाचे स्वरूप बदलणे, पत्ता बदलणे, काही काळ गैरहजर राहणे, पुन्हा रुजू होणे, दुसऱ्याचा दवाखाना चालवायला घेणे आणि फीचे दर जाहीर करणे. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर डॉक्टरांचे आणि वकिलांचे हसरे चेहरे दिसतात तो भाग वेगळा. नियमात ते बसत नाही, आणि त्या फ्लेक्समुळे कोणी आपली सातबाऱ्याची भानगड त्या वकिलाकडे नेल्याचेही फारसे ऐकिवात नाही.

या व्यवसायांत काम येते ते दुसऱ्याच्या तोंडून. म्हणून प्रसिद्धी आणि पत यांतला फरक इथे जेवढा स्वच्छ दिसतो तेवढा दुसरीकडे दिसत नाही. नाव किती जणांनी ऐकले आहे यावर प्रसिद्धी मोजतात. पत मोजायची तर ज्यांनी एकदा काम सोपवले ते मागे काय बोलतात हे पाहावे लागते. तालुक्याच्या गावी एखाद्या सीएचे नाव चारशेच दुकानदारांना माहीत असेल, पण ते चारशे जण घराची मूळ कागदपत्रे, बँकेची पासबुके आणि भावाभावांतला हिशोब त्याच्या टेबलावर ठेवून जातात, आणि बहुतेकांना पावती मागायचे सुचतही नाही. पत म्हणजे हेच, आणि ती टिकवायची तर त्यांनी न मागता पावती देणे ही सीएची जबाबदारी होते.

शिफारस करणारेही समजून घ्यायला हवेत. नव्या वकिलाला वाटते की जिंकलेला पक्षकार आपले नाव चार ठिकाणी सांगेल. काही जण सांगतातही. पण कोर्टातला बेलिफ, शिरस्तेदाराच्या टेबलाजवळ बसणारा कारकून, झेरॉक्सवाला, टायपिस्ट, समोरच्या बाजूचा वकील आणि त्याचा पक्षकार हे रोज पाहत असतात. कोण वेळेवर येतो, कोणाचे कागद पुरे असतात, कोण कोर्टाला खोटे सांगतो, हे त्यांना बरोबर ठाऊक असते. दवाखान्याच्या बाबतीत हीच माणसे म्हणजे परिचारिका, औषधवाला, लॅबमधला तंत्रज्ञ आणि रिक्षावाला. सीएच्या बाबतीत बँकेतला कर्ज विभागाचा अधिकारी. कागद आला की हा अधिकारी आधी सही कोणाची आहे ते पाहतो, आकडे नंतर. या मंडळींसमोर दिखावा चालत नाही, कारण काम करतानाच त्यांनी माणूस पाहिलेला असतो.

पहिली कामे आणि नकार

सुरुवातीच्या दोनतीन वर्षांत हातात काम कमी असते. पुढे ज्याचा त्रास होतो ती बहुतेक कामे याच काळात स्वीकारलेली असतात. दिवाणी दावे चालवणारा वकील मोटार अपघाताचा दावा घेतो, पाठोपाठ कामगार न्यायालयातले प्रकरण घेतो, आणि दोन्हीकडे मुदती हुकतात. नव्या व्यावसायिकाने आपल्याला काय येते याची एक खरी यादी स्वतःपुरती करावी. जे येत नाही ते ज्याला येते त्याच्याकडे पाठवावे, सोबत चिठ्ठी द्यावी, आणि आठवड्याने फोन करून काम मार्गी लागले का ते विचारावे. या शेवटच्या फोनचे मोल फार. दुसरीकडे धाडलेला माणूस तो विसरत नाही. ज्याच्याकडे धाडले तो व्यावसायिकही विसरत नाही.

मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. पहिलाच खटला स्मॉल कॉज कोर्टातला, मामीबाई नावाच्या बाईंचा. फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. आपल्याकडून हे होणार नाही, पटेलांना वकील द्या आणि माझी फी परत घ्या, असे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. पटेलांनी एक्कावन्न रुपयांत काम केले. 'सत्याचे प्रयोग'मध्ये ही हकीकत लाजिरवाण्या फजितीच्या स्वरात येते. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र तीत एक गोष्ट शिकण्याजोगी आहे. काम निभत नाही हे कळल्यावर त्याच दिवशी ते सोडून पैसे परत केले, तर पक्षकाराचे नुकसान थांबते. सहा महिने तारखा घेऊन मग सोडले तर थांबत नाही.

त्याच मुंबईत गांधींनी दलालाला कमिशन द्यायला नकार दिला होता. चांगले नावाजलेले वकीलही देतात, असे त्यांना समजावण्यात आले तरी ते बधले नाहीत. पुढे राजकोटला गेल्यावर मात्र काम आणून देणाऱ्या वकिलांना वाटा देण्याची तिथली रीत त्यांना पत्करावी लागली, आणि हेही त्यांनी लपवलेले नाही. दलाली ही अशी जुनी आहे. वैद्यकीय व्यवसायात तिला 'कट' म्हणतात: रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरला तपासणी केंद्राकडून किंवा रुग्णालयाकडून मिळणारा हिस्सा. २००२ च्या आचारसंहितेत तो देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहे. महाराष्ट्रात २०१७ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. कट घेणाऱ्याचा दवाखाना भरलेला दिसतो, पण त्याची प्रत्येक शिफारस संशयास्पद होऊन बसते. एमआरआय खरेच लागतो की हिशेबात बसतो म्हणून सांगितला, हे रुग्णाच्या नातेवाइकांना समजत नाही. एकदा ही शंका शिरली की पुढचा खरा सल्लाही फुकट जातो.

पैसा

विश्वास सर्वांत लवकर तुटतो तो पैशापायी, आणि त्यामागे लबाडीपेक्षा गबाळेपणा अधिक वेळा असतो. पक्षकार दहा हजार रुपये देऊन जातो. त्यांत फी किती, कोर्ट फी किती, टायपिंग आणि नकलांचा खर्च किती, हे कोणीच बोललेले नसते. वर्षभराने पुन्हा पैसे मागितले की आधीच्या दहा हजारांचे काय झाले हा प्रश्न येतो आणि उत्तर तोंडी द्यावे लागते. बार कौन्सिलचे नियम या बाबतीत नेमके आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवावा, आणि आलेली रक्कम फीपोटी आली की खर्चापोटी याची नोंद करावी. सीएंच्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशिलाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात न ठेवणे हे गैरवर्तन धरले आहे. डॉक्टरने आपली फी दवाखान्यात लावावी, असे संहिता सांगते.

व्यवहारात याचा अर्थ तीन साध्या सवयी. काम हाती घेतानाच फी आणि अंदाजे खर्च एका कागदावर वेगवेगळे लिहून द्यावेत. व्हॉट्सॲपवर पाठवले तरी चालेल, पण लेखी असावे. प्रत्येक रकमेची पावती त्याच दिवशी द्यावी, रक्कम शंभर रुपयांची असली तरी. आणि सरकारात भरलेल्या पैशाचे चलन मागण्याची वाट न पाहता पोहोचते करावे. दस्तनोंदणीच्या वेळी मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी 'ग्रास' या सरकारी प्रणालीवरून ई-चलनाने भरली जाते. त्या चलनाची प्रत पक्षकाराच्या हाती पडली की सरकारचे किती आणि वकिलाचे किती हे आपोआप वेगळे होते. आयकराचे आणि जीएसटीचे तसेच. दुकानदाराने कर भरायला दिलेली रोकड सीएच्या कार्यालयातल्या पोराच्या खिशात चार दिवस राहिली, तर पैसे बुडाले नसले तरी नाव बुडते.

फी कमी ठेवणे म्हणजे विश्वास मिळवणे, असा एक समज आहे. तो फसवा आहे. फार कमी फी घेणारा पुढे खर्चात भर घालतो किंवा कामाकडे दुर्लक्ष करतो, हे लोकांना अनुभवाने कळलेले असते. फी वाजवी असावी, आधी सांगितलेली असावी आणि मधेच बदलू नये. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलाला नियमानेच मना आहे. नफ्याच्या टक्केवारीवर फी घेणे सीएला, काही ठरावीक अपवाद सोडता, मना आहे. निकालात स्वतःचा वाटा असलेल्या माणसाचा सल्ला स्वच्छ राहत नाही, एवढे साधे कारण यामागे आहे.

गरीब पक्षकाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. पोटगीचा अर्ज घेऊन आलेल्या बाईला हे सांगणारा वकील त्या दिवसाची फी गमावतो. न सांगणारा पकडला जात नाही, पण त्या बाईला हे कधी तरी दुसऱ्या कोणाकडून कळतेच.

सही

या व्यवसायांतली खरी परीक्षा सहीपाशी होते, आणि ती घ्यायला येतात ती ओळखीची माणसे. शेजारचे काका म्हणतात, "फक्त एक सही हवी आहे." कामावर न गेलेल्या आठवड्यासाठी आजारपणाचा दाखला, परदेशी जाणाऱ्या मुलासाठी मालमत्तेच्या किमतीचे प्रमाणपत्र, बँकेला दाखवायला वाढीव उलाढालीचा ताळेबंद, न पाहिलेल्या माणसाच्या प्रतिज्ञापत्रावर ओळख पटवल्याची सही. मागणारा वाईट नसतो, त्याला ती औपचारिकता वाटते.

यावर उत्तम उपाय नियमांतच आहे आणि तो वापरला तर नकार सोपा होतो. डॉक्टरने वैद्यकीय दाखल्यांची नोंदवही ठेवायची असते. तीत रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि ओळखीची किमान एक खूण लिहायची, दाखल्याची प्रतही ठेवायची. ही वही टेबलावर उघडी असली की समोरच्याला तपासणीशिवाय दाखला मागणे अवघड जाते. सीएंच्या बाबतीत २०१९ पासून प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि अहवालावर यूडिन हा अठरा अंकी ओळख क्रमांक घालावा लागतो. तो सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येतो, म्हणजे सही कोणी, कधी, कशावर केली ते लपत नाही. न तपासलेल्या हिशेबावर सही करणे हे गैरवर्तन आहेच. पण तेवढ्यावर भागत नाही. बँकेच्या एका अधिकाऱ्याला एकदा एका सीएचा फुगवलेला ताळेबंद सापडला की त्या सीएच्या पुढच्या सगळ्या अशिलांच्या फायली तो बारकाईने पाहतो. एकाच्या भिडेखातर केलेल्या सहीची किंमत बाकीचे चारशे देतात.

नकार देताना उपदेश करू नये. "वहीत नोंद करावी लागते, तपासल्याशिवाय देता येत नाही" एवढे पुरे. काका दोन महिने बोलत नाहीत. नंतर त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाच्या वेळी कोणत्या डॉक्टरकडे जायचे हे घरात ठरते, तेव्हा हाच नकार वेगळ्या रीतीने आठवला जातो.

वाईट बातमी वेळेवर

अशील आणि व्यावसायिक यांच्यातले बहुतेक वितुष्ट निकालामुळे नव्हे, न कळवण्यामुळे येते. फोन उचलला जात नाही, तारीख पडली हे कळत नाही, विवरणपत्र भरले का ते कोणी सांगत नाही. आज ही माहिती अशिलापासून लपवताही येत नाही. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झाले हे घरबसल्या दिसते. जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकला की कोणत्या महिन्याचे विवरणपत्र भरले आहे तेही दिसते. "साहेब नव्हते म्हणून तारीख पडली" ही थाप मारल्यावर संध्याकाळी पक्षकाराचा मुलगा मोबाइलवर पाहतो की वकीलच गैरहजर होता. पुढे तो वकील खरे बोलला तरी तपासले जाते.

म्हणून वेळेवर कळवणे हे कामाचाच भाग म्हणून ठरवून ठेवावे. कोर्टातून बाहेर पडल्यावर पक्षकाराला दोन ओळींचा संदेश: आज काय झाले, पुढची तारीख कोणती, त्याने काय आणायचे. विवरणपत्र भरले की पोचपावती. तपासणीचा अहवाल आला की फोन. दिवसातली अर्धी घटका त्यासाठी राखून ठेवली तर पुढचे कित्येक तासांचे खुलासे वाचतात. सगळे फोन लगेच घेणे शक्य नसते आणि तशी गरजही नाही. संध्याकाळी सहा ते सात या वेळात फोन घेतला जाईल असे सांगावे आणि त्या वेळात खरोखर घ्यावा.

वाईट बातमी सांगण्याचे काम हाताखालच्या पोरावर सोपवू नये. डॉक्टरांच्या संहितेत एक मार्मिक सूचना आहे: रुग्णाच्या आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. दोन्ही मोह खरे असतात. वाढवून सांगितले तर बरे झाल्याचे श्रेय मोठे मिळते, कमी करून सांगितले तर त्या दिवसापुरती सुटका होते. दाव्याचेही तसेच आहे. "केस शंभर टक्के आपली" असे म्हणणारा वकील पहिल्या भेटीत आवडतो. "कागद कमकुवत आहेत, खालच्या कोर्टात हरण्याची शक्यता आहे, तडजोड परवडेल" असे म्हणणाऱ्याकडून माणूस तोंड वाकडे करून उठतो, दोन ठिकाणी फिरतो आणि बऱ्याचदा परत येतो. हरलेल्या दाव्यानंतरही ज्याच्याकडे पक्षकार अपील घेऊन येतो त्या वकिलाने पहिल्या दिवशी काय सांगितले होते ते विचारून पाहावे.

चूक झाल्यावर

चूक होणारच. महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचे जीएसटीचे विवरणपत्र राहून जाते आणि दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क सुरू होते, करावरचे व्याज वेगळे. चूक कार्यालयाची असेल तर ती ज्या दिवशी लक्षात आली त्याच दिवशी अशिलाला स्वतः फोन करावा, काय झाले ते एका वाक्यात सांगावे, दुरुस्ती कशी होईल ते सांगावे आणि विलंब शुल्क आपल्या खिशातून भरावे. अशिलाला नोटीस आल्यावर हेच सांगितले तर त्याला कबुलीजबाब म्हणतात, आणि त्याची किंमत फार कमी असते. कर्मचाऱ्याचे नाव पुढे करू नये. अशिलाने काम सोपवलेले असते ते पाटीवरच्या नावाला.

गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वकिलीत याचे एक टोकाचे उदाहरण आहे. लवादाने हिशेब तपासून निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने दिला होता, पण त्यात एक लहानशी रक्कम नावे असायची ती जमेस धरली गेली होती. विरुद्ध पक्षाने निवाड्याला आव्हान दिले होते ते वेगळ्याच मुद्द्यांवर, ही चूक त्यांच्या ध्यानात आलेली नव्हती. ती आपण होऊन कबूल करावी, असे गांधींचे मत पडले. ज्येष्ठ वकिलाचा विरोध होता: कबूल केले तर सगळा निवाडाच रद्द होऊ शकतो. अशिलाने गांधींना साथ दिली. न्यायाधीशांना आधी ही काहीतरी चलाखी वाटली, पण पुढे त्यांची खात्री पटली. चूक दुरुस्त झाली आणि निवाडा कायम राहिला. निवाडा उलटला असता तर ही गोष्ट इतक्या आवडीने सांगितली गेली नसती, हेही खरे. तरी पुढच्या वेळी तोच वकील त्याच न्यायाधीशासमोर काही सांगू लागला की त्याच्या शब्दाकडे कसे पाहिले जाईल, एवढे त्यातून समजते.

इतरांचे काम, इतरांची गुपिते

दुसऱ्याकडून आलेला अशील ही नव्या व्यावसायिकाला लागलेली लॉटरी नव्हे. आधीच्या वकिलाचे वकीलपत्र दाखल असेल तर त्याची संमती लागते, व्यवहारात त्याला एनओसी म्हणतात. आधीच्या लेखापरीक्षकाला लेखी कळवल्याशिवाय सीएला त्याची जागा घेता येत नाही. कळवल्यावर बऱ्याचदा आधीच्याची फी थकली होती हे कळते. अशा वेळी ती आधी द्यायला सांगणारा सीए आपले काम आणि आपली फीही सुरक्षित करत असतो. आधीच्या डॉक्टरच्या औषधाच्या चिठ्ठीकडे पाहून मान हलवणे, "हे कोणी दिले?" असे विचारणे, हा फुशारकीचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. रुग्ण ते ऐकतो आणि मनात नोंद करतो की उद्या आपल्या चिठ्ठीवरही कोणीतरी असेच बोलेल.

गुप्ततेचे बंधन कायद्यात आहे. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे, सीए आणि डॉक्टर यांच्या आचारनियमांतही ते आहे. पण लहान गावात ते मोडते ते लग्नाच्या पंगतीत. "त्यांचा वाटणीचा दावा तुमच्याकडेच ना?" असे कोणीतरी सहज विचारते. "हो, पण ते सांगता येणार नाही" हे उत्तरही जास्त झाले, कारण त्यात "हो" आहे. कामाबद्दल बोलायचे नाही एवढी एकच सवय लावली तर प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही. फायली टेबलावर पसरून ठेवू नयेत, दुसऱ्याच्या नावाची फाइल समोरच्याला दिसेल अशी उघडू नये, दवाखान्यात आजाराचे नाव मोठ्याने पुकारू नये. समोर बसलेला माणूस दुसऱ्याची गुपिते किती सहज बाहेर येतात ते पाहून आपले किती सांगायचे ते ठरवत असतो.

लोकांसमोर येणे

जाहिरात करायची नाही याचा अर्थ कोपऱ्यात बसावे असा नाही. आरोग्याच्या प्रश्नांवर आपल्या नावाने वृत्तपत्रांत लिहिण्याची आणि व्याख्याने देण्याची मुभा डॉक्टरला आहे, त्यातून स्वतःची जाहिरात होऊ नये एवढीच अट. गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत वारसनोंदीवर बोलणारा वकील, व्यापारी संघात नव्या कराच्या विवरणपत्रावर तासभर शिकवणारा सीए, शाळेत मुलींच्या रक्तक्षयाबद्दल बोलणारी डॉक्टर हे सगळे दिसतात, पण कामासकट दिसतात. अशा भाषणात श्रोत्यांना स्वतः करता येण्याजोगे जे असेल ते पूर्ण सांगावे. अर्धे सांगून "बाकीचे कार्यालयात या" म्हणणारा ओळखू येतो. आनंदी अशिलांकडून गुगलवर तारे मागणे हा त्यातलाच प्रकार.

पत वाढते आहे की नाही हे कळायला वेळ लागतो आणि तोवर घर चालवावे लागते. पहिली तीन ते पाच वर्षे ज्येष्ठ वकिलाकडे किंवा मोठ्या फर्ममध्ये काम, रुग्णालयातली अर्धवेळ नेमणूक, महाविद्यालयातले तासिका तत्त्वावरचे अध्यापन यांतून ठरावीक उत्पन्नाची सोय ठेवावी. ज्याला या महिन्याचे भाडे द्यायला कोणतेही काम घ्यावेच लागते त्याला नकार देता येत नाही, आणि नकार न देणाऱ्याची पत बसायला फार काळ लागतो. पुढे काही खुणा दिसू लागतात. एकाच घरातून दुसरे काम येते. समोरच्या पक्षाचा माणूस निकालानंतर स्वतःचा वेगळा दावा घेऊन येतो. दुसरा डॉक्टर रुग्ण पाठवतो ते ठीकच, पण तो स्वतःच्या आईला पाठवतो तेव्हा काही तरी जमले आहे असे समजावे.

कागद सांभाळण्याचे काम या सगळ्याच्या तळाशी आहे आणि ते कोणाला दिसत नाही. मूळ कागद शक्यतो ठेवूच नयेत, प्रती काढून परत द्यावेत. ठेवावेच लागले तर यादी करून पोच द्यावी आणि परत देताना त्याच यादीवर सही घ्यावी. दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यास बहात्तर तासांत द्यायच्या असतात. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवण्याचा मोह या तिन्ही व्यवसायांत होतो. फी मागण्याचे इतर मार्ग आहेत, ते वापरावेत. कार्यालय बंद करताना, गाव सोडताना किंवा वयोमानाने काम थांबवताना कपाटे रिकामी करावी लागतात. त्या वेळी ज्यांचे कागद उरलेले असतील त्या प्रत्येकाला पत्र पाठवावे, आणि पत्ता सापडत नसेल तर मुलाबाळांना शोधून ते त्यांच्या हाती द्यावेत, सही घेऊन.